सतरा नंबरची घंटी

ढोल वाजवता वाजवता बाईंनी शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचा चष्मा पहिल्यांदा उडवला तेव्हा सगळा वर्ग हसला. दुसऱ्यांदा उडवला तेव्हा निम्मा वर्ग हसला. तिसऱ्यांदा तो चष्मा ड्रायव्हरसाहेबांच्या चहात जाऊन पडला, तेव्हा एकटे ड्रायव्हरसाहेब हसले. बाकीच्यांनी ढोल थांबवले आणि डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांचा तिळपापड झाला होता, पण चष्म्याशिवाय नेमकं कुणावर रागवायचं ते त्यांना दिसेना, म्हणून ते खिडकीवर रागावले.

"हा ढोलाचा वर्ग आहे की कुस्तीचा आखाडा?" त्यांनी खिडकीला विचारलं.

वर्ग भरायचा वाचनालयाच्या माडीवर. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी अकरा ते बारा. खालच्या दारावर 'शांतता राखा' अशी मोठी पाटी, आणि तिच्या बरोबर डोक्यावर बारा म्हातारी माणसं गोलात बसून बारा ढोल बडवत असायची. त्यातली काही थोडं विसरत होती, काही पुष्कळ विसरत होती, आणि दोघं-तिघं अशी होती की जी काहीच विसरत नव्हती, फक्त घरी करमत नव्हतं म्हणून यायची. शिकवायला एक तरुण मुलगी होती. मूळची ती लोकांचे आखडलेले खांदे-गुडघे सोडवण्याचं काम करायची, पण ढोलावर तिचा हात असा काही पडायचा, की पहिल्याच आठवड्यात तिचं नाव ठेकाताई पडलं. तिचा नियम एकच होता, पण कडक होता. नातेवाइकांनी गोलात बसायचं नाही, भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसायचं. कारण नातेवाईक गोलात आले की वाजवत नाहीत, नुसते "असं नाही हो, तसं" करत दुसऱ्याचे हात सरळ करत बसतात.

त्या भिंतीकडेच्या खुर्च्यांमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर बाईंचे यजमान बसायचे. त्यांना सगळे पाणीवाले म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी पाणीखात्यात व्हॉल्व्ह फिरवले होते. सायकलवर लोखंडी चावी आडवी बांधून गल्लीगल्लीत पाणी सोडायचं आणि वेळ झाली की बंद करायचं, हे त्यांचं काम. जमिनीला कान लावून "आलं, दोन मिनिटांत येतंय" असं सांगायचे आणि दोन मिनिटांत यायचं. त्यामुळे माणसाला थोडा गर्व होतोच. पण गेल्या काही महिन्यांत त्यांचा सगळा गर्व एका शब्दानं उतरवला होता. तो शब्द म्हणजे 'भाऊ'.

बाई त्यांना भाऊ म्हणायला लागल्या होत्या. "भाऊ, जरा पंखा लावता का?" "भाऊ, तुम्ही फार करता हो माझं. तुमच्या घरी वाट बघत असतील." लग्नाला सेहेचाळीस वर्षं झालेली, आणि बायको भाऊ म्हणते! नाव विसरली असती तर त्यांनी हरकत घेतली नसती, कारण नाव बाईंनी तसंही कधी घेतलं नव्हतं. चारचौघांत त्या 'अहो' म्हणायच्या, आणि घरात, मर्जी असली की, 'सतरा नंबर'.

ते प्रकरण जुनं होतं. बाईंचा टायपिंगचा क्लास होता, एका लांबट खोलीत अठरा यंत्रं. पाणीवाल्यांना तरुणपणी खात्यात कारकून व्हायचं होतं, त्यासाठी टायपिंगची परीक्षा पास होणं भाग होतं, म्हणून ते क्लासला आले आणि सतराव्या यंत्रावर बसले. ते यंत्र जन्माचंच नाठाळ होतं. दोन अक्षरं एकमेकांत अडकायची, फीत निसटायची, आणि ओळ संपत आल्याची सूचना देणारी घंटी तर मुकीच होती. शिवाय पाणीवाल्यांची बोटं अशी जाड, की एक बटण दाबायला जावं तर शेजारचं आपण होऊन दबायचं. ते तीन वेळा परीक्षेला बसले आणि तिन्ही वेळा नापास झाले. नाचता येईना अंगण वाकडं, तसे ते यंत्राला दोष देत. बाई म्हणायच्या, "सतरा नंबर, यंत्राचं काही नाही, तुम्ही खाली बघता. टायपिस्टनं खाली बघायचं नसतं." कारकुनी हुकली, व्हॉल्व्ह नशिबी आले, पण बाई मिळाल्या. त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठ्या आणि दहा वर्षांनी शहाण्या. पाणीवाले त्यांना लग्नानंतरही 'बाई'च म्हणत राहिले, त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

आता मात्र सतरा नंबर गेला होता आणि भाऊ आला होता. बायको बरी व्हावी अशी आशा पाणीवाल्यांनी सोडली होती, तिला तपासणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. त्यांची मागणी तशी लहान होती. एकदा, फक्त एकदा तिनं ओळखून हाक मारावी, मग भले आयुष्यभर भाऊ म्हणू दे.

तर चष्मा चहात पडला त्या मंगळवारी वर्ग संपल्यावर ठेकाताई पाणीवाल्यांजवळ येऊन बसली. ती आवाज खाली आणून बोलत होती, म्हणजे बातमी वाईट होती.

"काका, काकूंचा डावा हात असा मधेच जातो. कधी जाईल काही नेम नाही. मी त्यांना दोनदा समजावलं, त्या 'बरं' म्हणतात आणि परत तेच. आज चष्मा गेला, उद्या कुणाचा डोळा गेला म्हणजे?"

"मुद्दाम नाही करत ती."

"मला माहीत आहे हो. शुक्रवारी अजून एकदा बघू. नाहीच जमलं तर त्यांना इथे, भिंतीकडे बसवू. ऐकतील, टाळ्या वाजवतील."

पाणीवाल्यांनी मान डोलावली. अठरा यंत्रं एका वेळी चालवणारी बाई भिंतीशी बसून टाळ्या वाजवणार? आणि दुसरं असं, की आठवड्यातले हे दोन तास सोडले तर बाई दिवसभर दाराशी जायच्या. "क्लास उघडायचाय, मुलं बाहेर उभी असतील," म्हणत कडी चाचपायच्या. ढोलापुढे बसल्या की पाठ ताठ व्हायची, हात ठिकाणावर यायचे, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कडीला हात लागायचा नाही. हे दोन तास गेले तर मग काय उरणार होतं?

त्यातच शिवणवाल्या मावशींनी जिना उतरताना आगीत तेल ओतलं. मावशी काहीच न विसरणाऱ्यांपैकी होत्या, आणि न विसरलेलं सगळं बोलून दाखवायच्या. "मला विचाराल तर," त्या पाणीवाल्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "बाई त्या डॉक्टरांचा हात धरायला बघतात. माणूस विसरतो तेव्हा मनातलं बाहेर येतं."

पाणीवाले मूग गिळून गप्प बसले, पण मूग काही पचले नाहीत. डॉक्टर उंच होते, केस अजून होते, आणि दात, साहजिकच, सगळे होते. स्वतःचे नसले तरी स्वतः बसवलेले होते. घरी आल्यावर पाणीवाल्यांनी चपला काढता काढता, काही विशेष नाही अशा आवाजात विचारलं,

"बाई, तुम्हाला ते दातांचे डॉक्टर कसे वाटतात?"

बाईंनी काळजीनं त्यांच्याकडे पाहिलं. "का हो भाऊ, दाढ दुखतेय का तुमची? लवंग धरा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पाणीवाल्यांनी मुलीला फोन केला. मुलगी दूर राहायची आणि लांबून सगळ्यावर उपाय सुचवायची. "एवढंच ना बाबा? आईला सगळ्यात डावीकडे बसवा. मग डावीकडे कुणी राहणारच नाही."

"अगं, गोल आहे तो. गोलाला डावं टोक कुठून आणू?"

"मग तुम्ही बसा तिच्या डावीकडे."

"मला परवानगी नाही. आणि मी बसलो तर माझा चष्मा नाही का?"

"तुम्ही चष्मा काढून बसा," मुलगी म्हणाली, आणि तिला मीटिंग होती.

बुधवारी सकाळी पाणीवाले ओट्याशी चहा करत होते. बाई टेबलाशी बसून बोटांनी टेबल वाजवत होत्या. हे रोजचंच होतं. पाणीवाल्यांचं लक्ष दुधाकडे होतं, तेवढ्यात खळ्ळकन आवाज झाला. साखरेचा डबा आडवा आणि साखर फरशीवर. डबा टेबलाच्या डाव्या कडेला होता.

"अरेच्चा," बाई म्हणाल्या, जणू डब्यानंच आगळीक केली होती, आणि पुन्हा वाजवू लागल्या.

पाणीवाल्यांनी केरसुणी आणली, पण झाडायला वाकलेले असतानाच ते तसेच थांबले. टेबलाच्या उंचीवरून त्यांना बाईंचे हात समोरासमोर दिसत होते. ढोल वाजवणारे सगळे तळहातानं वाजवतात, थापा मारतात. बाईंचे तळहात वर उचललेले होते आणि मनगटं सरळ. खाली पडत होती ती एकेक बोटं. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं, पहिलं. मग उजव्या हाताची. मग अंगठा, हलकेच, कोऱ्या जागेसाठी. शेकडो मुलांना शिकवलेला टायपिंगचा पहिला धडा, बटणांची मधली ओळ. बाई टेबलाकडे बघतही नव्हत्या. त्या बाजूला, डावीकडे थोडं वर, जिथे पूर्वी उताऱ्याचा कागद अडकवलेला असायचा तिथे बघत होत्या. साठेक ठोके झाले, डावा हात उठला, हवेतली दांडी पकडली आणि सर्रकन उजवीकडे ढकलली. आणि पुन्हा करंगळीपासून सुरुवात.

पाणीवाले साखरेत बसले.

ओळ संपली की यंत्राचा वरचा गाडा पार डावीकडे जाऊन थांबतो. मग डाव्या हातानं त्याची दांडी धरून गाडा परत उजवीकडे आणायचा, की नवी ओळ. गेले कित्येक आठवडे बाई ढोलावर टायपिंग करत होत्या, आणि डॉक्टर आपले थोडे बहिरे म्हणून त्यांच्याकडे झुकून, नेमके दांडीच्या जागी चष्मा ठेवून बसत होते! कसलं हात धरणं आणि कसलं काय. पाणीवाल्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी बसल्या जागी चिमूटभर साखर तोंडात टाकली. ती फरशीवरची आहे हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

मग त्यांनी मोजायला घेतलं. एकदा बासष्ट ठोक्यांवर हात गेला, एकदा अडुसष्टवर, एकदा एकोणसाठवर. नेम नाही, ठेकाताई म्हणाली ते खरंच होतं. पण क्लासात बाईंचा हात कधी चुकला नव्हता. का? कारण क्लासात ओळ संपत आली की घंटी वाजायची. इथे टेबलाला घंटी नव्हती, ढोलालाही नव्हती. बाई बिचाऱ्या अंदाजानं ओळ संपवत होत्या.

आणि मुकी घंटी काय असते हे जगात पाणीवाल्यांइतकं कुणाला माहीत होतं? सतराव्या यंत्रावर ते ओळ संपली तरी टाइप करतच राहायचे, शेवटची सगळी अक्षरं एकावर एक चढून काळा ढीग व्हायचा. मग बाई त्यांच्या पाठीमागे उभ्या राहायला लागल्या. हातात काचेचा रिकामा पेला आणि पेन्सिल. ओळ संपत आली की पेल्यावर एक टिचकी, टिंग. "सतरा नंबर, ओळ संपली." दोन वर्षं त्या घंटीचं काम करत होत्या. लग्नानंतर खूप दिवसांनी पाणीवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला होता, की बाकीची सतरा यंत्रं दर महिन्याला तेलपाणी होऊन चकचकीत असायची, आणि ह्या एका घंटीसाठी कारागिराला बोलवायला बाईंना दोन वर्षांत सवड झाली नाही.

मग घरात घंटीचा शोध सुरू झाला. पाणीवाल्यांनी स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवला. बाईंनी विचारलं, "पाणी हवंय का भाऊ?" काचेच्या पेल्यावर वाजवला, तर पेला फुटला. दारावरची बेल दाबून बघितली, तर बाई उठून दार उघडायला गेल्या, दारात पाणीवालेच उभे, "या, बसा," म्हणाल्या. मोबाइलमध्ये घंट्या पुष्कळ होत्या, पण एकही एकदा वाजून गप्प बसायला तयार नव्हती. गुरुवारची दुपार झाली. शेवटी पाणीवाले घराबाहेर जिन्याखाली जाऊन हताश उभे राहिले, आणि काखेत कळसा गावाला वळसा म्हणतात तसं, त्यांची जुनी सायकल तिथेच भिंतीला टांगलेली होती. पाणी सोडायच्या आधी गल्लीच्या तोंडाशी ते हीच घंटी वाजवायचे, की सगळ्या घरांतून बादल्या नळाखाली यायच्या. त्यांनी घंटीची पितळी टोपी फिरवून काढली, भोकातून सुतळी ओवली, आणि चहाच्या चमच्यानं तिच्यावर हलकेच मारलं.

टिंग. एकच, बारीक, स्वच्छ.

वर आले. बाई टेबल वाजवत होत्या. पाणीवाल्यांनी जिवाचा कान केला, ओळ भरत आल्यासारखी वाटली तसा चमचा मारला. बाईंनी आणखी पाच-सहा अक्षरं घेतली, शब्द पुरा केला, आणि हात उचलून गाडा परत आणला. त्या घंटीत त्यांना काही आश्चर्य वाटलं नाही. यंत्राला घंटी असायचीच. पाणीवाल्यांनी पाच ओळी वाजवल्या आणि आशेनं समोर जाऊन उभे राहिले.

"बाई?"

"काय हो भाऊ? चहाचं बघता का?"

पाणीवाल्यांनी चहाचं बघितलं. आधण उकळेपर्यंत त्यांना वाईट वाटत होतं, मग त्यांनी स्वतःला समजावलं की निदान साखरेचा डबा तरी वाचला.

शुक्रवारी ते पावणेअकरालाच माडीवर हजर झाले आणि ठेकाताईसमोर टोपी आणि चमचा धरून उभे राहिले.

"मला गोलात बसू दे. बाईंच्या डावीकडे. एक दिवस."

"काका, नियम—"

"मी तिचे हात धरणार नाही. हे बघ, माझे दोन्ही हात भरलेले आहेत."

ठेकाताईनं टोपीकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं, आणि म्हातारपणी माणसाला काय काय होतं अशा मायेनं हो म्हणाली. डॉक्टरांना तर पडत्या फळाची आज्ञा मिळाली. ते चटकन खुर्ची-ढोलासकट पलीकडे सरकले, आणि मोकळ्या जागेत पाणीवाल्यांसाठी एक जादा ढोल आला. "बसा, बसा. विमा काढलाय ना?" त्यांनी चष्मा काढून खिशातही घातला. त्यांच्या पलीकडे जन्मभर बस चालवलेले ड्रायव्हरसाहेब होते, त्यांचा चहा झालेला होता, आणि गाडी सुटायची वेळ झाली की नाही एवढंच ते विचारत होते.

गाडी सुटली. ठेकाताईनं मधल्या मोठ्या ढोलावर ठेका धरला, सगळे हळूहळू त्यात आले, आणि बाईंची बोटं सुरू झाली.

घाईघाईत पाणीवाल्यांनी पहिली घंटी फार लवकर वाजवली. बाईंचा हात अर्धा उठून थांबला आणि कपाळाला आठी पडली. "कोण वाजवतंय? ओळ बाकी आहे अजून." दुसऱ्या वेळी ते इतके जपून बसले की उशीर झाला, आणि बाईंचा हात सणसणीत त्यांच्या कानावर आला. शिवणवाल्या मावशींनी पदर तोंडाला लावला. डॉक्टर समाधानानं म्हणाले, "मी काय सांगत होतो?" ठेकाताई मात्र हसली नाही, तिची नजर दारापासच्या भिंतीकडच्या खुर्च्यांवर गेली. पाणीवाल्यांनी ती नजर पाहिली.

ते डोळे उघडे ठेवून बाईंच्या बोटांकडे बघत होते, तीच चूक होती. पाणी कधी बघून कळतं का? त्यांनी डोळे मिटले आणि मान खाली घालून नुसतं ऐकलं, चौतीस वर्षं ऐकत आले तसं. बारा ढोलांच्या गदारोळातून बाईंची बोटं वेगळी काढली. ओळीच्या सुरुवातीला ती भरधाव असायची. शेवटाकडे येताना अंगठा किंचित रेंगाळायचा, पाणी चढावर येताना रेंगाळतं तेवढाच. आलं, येतंय, आता.

टिंग.

पाच अक्षरं. बाईंचा डावा हात उठला, पाणीवाल्यांच्या ढोलावर 'ढप्प' पडला आणि सर्रकन परत गेला. नवी ओळ. पुन्हा भरधाव, पुन्हा अंगठा रेंगाळला, टिंग, ढप्प, सर्र. ना कान, ना चष्मा.

तिसऱ्या ओळीला ठेकाताईचे कान टवकारले. चौथ्या ओळीला ती तोंडानं मोजायला लागली, आठ, आठ, आठ, आणि मोठ्या ढोलाचा ठेका तिनं बाईंच्या ओळीत नेऊन बसवला. घंटीची वेळ ठरली तसे बाईंचे ठोकेही ठरले, बासष्ट नाही, अडुसष्ट नाही, बरोबर आठ अठ्ठे चौसष्ट. पाचव्या ओळीला ठेकाताई ओरडली, "सगळ्यांनी! घंटी वाजली की पाच मोजायचे, आणि डावा हात शेजाऱ्याच्या ढोलावर! डावा, मावशी, डावा!"

पहिल्यांदा जो काय गोंधळ झाला तो सांगण्यासारखा नाही. मावशींनी उजव्या बाजूच्या आजोबांना बडवलं, दोघांनी एकाच ढोलावर हात टाकले, आणि ड्रायव्हरसाहेबांनी करकचून ब्रेक दाबून "उतरणारे आधी उतरू द्या" असं जाहीर केलं. पण चार ओळींनंतर जमायला लागलं. टिंग वाजायचं, पाच ठोके जायचे, आणि बारा डावे हात एकदम उठून शेजाऱ्याच्या ढोलावर पडायचे. गोलाला डावं टोक नसल्याचा असाही फायदा होता, कुणीच मार खाण्यातून आणि देण्यातून सुटत नव्हतं. पाणीवाल्यांच्या हातात टोपी-चमचा असल्यानं त्यांनी डॉक्टरांच्या ढोलावर कोपर मारलं, जरा जोरातच, मंगळवारपासूनचं राहिलेलं होतं. डॉक्टरांना त्याचं काही नव्हतं. ते ड्रायव्हरसाहेबांचा ढोल बडवण्यात रंगून गेले होते आणि दर ओळीला "हाण!" म्हणत होते. खालून ग्रंथपाल तोंडावर बोट ठेवून तक्रार करायला वर आले. दोन ओळी दारात उभे राहिले, आणि तिसऱ्या ओळीला त्यांचं बोट ओठांवरून निघून चौकटीवर पडलं.

ठेकाताईनं हात वर केला. ढोल थांबले. सगळे एकदम बोलायला लागले. मावशी म्हणत होत्या की हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. बाई भिंतीकडे जाणार नव्हत्या, हे आता कुणाला सांगायला नको होतं. त्या पुढच्याच मंगळवारी कशाला, वर्षभर इथे बसणार होत्या. पाणीवाल्यांना उठून ठेकाताईला काहीतरी म्हणायचं होतं, पण ते मान खाली घालून सुतळीची गाठ सोडवत राहिले. तिथे गाठ नव्हतीच.

त्यांच्या मनगटाला कुणीतरी बोट लावलं. बाई त्यांच्याकडे वळून बसल्या होत्या. त्या चमच्याकडे बघत होत्या, मग पितळी टोपीकडे, मग त्या जाड बोटांकडे. बराच वेळ बोटांकडे. मग त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात ते जुनं हसू आलं, जे क्लासात बाकीच्या सतरा जणांना कधी दिसलं नव्हतं.

"सतरा नंबर," बाई म्हणाल्या, "घंटी दुरुस्त झाली वाटतं तुमची?"

पाणीवाले अजून सुतळीकडेच बघत होते.

"झाली, बाई."

"मग अजून खाली का बघताय? वर बघा. या वेळी पास व्हाल."

त्यांनी वर बघितलं. बाईंनी समाधानानं मान हलवली, हात ढोलावर ठेवले, आणि पुढची ओळ सुरू केली.